ऊन वाडीचं, पाणी वरचं

डोळे उघडायच्या आधी वास येतो. न वाळलेल्या पंच्यांचा, उबट घोंगडीचा, भिजून फुगलेल्या शेणींचा. घाटाच्या वरच्या अंगाला एका ओवरीत तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, आणि भिंतही ओली आहे. शके १८००, श्रावण शुद्ध सप्तमी, सोमवार. इंग्रजी तारीख ५ ऑगस्ट १८७८. गाव नरसोबाची वाडी. साल, तिथी, वार पंचांगातले आहेत. आजचं ऊन मात्र मी घातलंय, तेवढी मुभा असावी.

ते अजून पडलेलं नाही. काकडआरती नुकती आटोपली आहे. खाली देवळाजवळ दिवे हलताहेत, पुजारी ओलेत्यानं वरखाली करताहेत, आणि त्यांच्या पलीकडे, जिथे कृष्णा असायला हवी तिथे, नुसता राखाडी रंग आहे. समोरचं औरवाड दिसत नाही. उजव्या हाताला जरा खाली पंचगंगा येऊन मिळते, तिचा फक्त आवाज येतो. तुमच्या अंगात बंडी, कमरेला पंचा. हात सवयीनं खिशाकडे जातो. खिसा आहे, पण त्यात निघते सुपारी.

वाडीचा पाऊस दांडगा नाही, हे आधी सांगायला हवं. गगनबावड्याला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, या शिरोळच्या पट्ट्यात, ५०० च्या आसपास पडतो. पण घाटमाथ्यावर रिते झालेले ढग पुढे येऊन इथे ठाण मांडतात. आषाढ लागला की आभाळाला झाकण बसतं. भुरभूर, वारा, पुन्हा भुरभूर. अंगणात पाणी साचत नाही आणि दोरीवरचं धोतर वाळत नाही. धो धो पावसाचं एक बरं असतं, तो दमतो. ही भुरभूर दमत नाही. आठ-आठ दिवस माणसाला स्वतःची सावली दिसत नाही. पहाटे नदीवरून धुकं उठतं, त्यात अंगावरचं कांबळं आणखी जड होतं, आणि म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात फिरवत बसतात.

मग पूर्वेकडे एक फट पडते.

आधी औरवाडची झाडं उमटतात, काळी आणि सपाट. त्यांच्या मागे पिवळं काहीतरी सरकतं. धुकं नदीवरून सुटून वर निघतं, आणि बघता बघता समोरचा काठ, त्यावरची घरं, अमरेश्वराच्या देवळाच्या बाजूची गर्द राई असं एकेक जागेवर येऊन बसतं. ओवरीतल्या कुणीतरी हाक घालतं, "उघाड पडली गं!" तीन-चार दारं एकदम उघडतात.

गेल्या सोमवारी, आषाढी अमावास्येला, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला अमेरिकेत भर दिवसा खग्रास ग्रहण लागलं होतं. वायोमिंगच्या माळावर एडिसन सूर्याभोवतीच्या प्रभेची उष्णता मोजायचं आपलं नवं यंत्र घेऊन बसला होता. वाडीला त्याचा पत्ता नाही. इथलं ग्रहण आषाढापासून रोजचंच आहे, आणि मोक्ष आज.

अर्ध्या तासात घाट ओळखू येईनासा होतो. वरच्या पायऱ्यांवर वाकळा पसरल्या आहेत, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या, इतक्या ओल धरलेल्या की एकेक उचलायला दोन बायका लागताहेत. त्यांच्या शेजारी शेणी, एकमेकींना टेकवून उभ्या. मग सोवळी, पंचे, सुपांतून जोंधळा, परातीतून मिरच्या, एका कोपऱ्यात दर्भाच्या जुड्या. एका पुजाऱ्यानं पोथ्यांची बासनं सोडून त्या सावलीतल्या वाऱ्यावर ठेवल्या आहेत आणि नातवाला राखण बसवलंय. दगडी पायऱ्यांतून वाफ निघते आहे. म्हशींच्या पाठींतूनही निघते आहे. तुमच्या काळात या वाटेवर पेढ्यांची, बासुंदीची, कवठाच्या बर्फीची दुकानं ओळीनं लागतात. इथे त्या जागी एका खोपटावर घेवड्याचा वेल चढलाय. गुरुचरित्र वाचलेला माणूस त्या वेलाकडे जरा थांबून बघतोच, कारण त्यात महाराज गरिबाच्या दारचा घेवडा उपटतात आणि मुळाशी द्रव्याचा हंडा लागतो. या वेलाला हात लावायची मात्र कुणाची छाती नाही. खोपटातली मालकीण दारातच उभी आहे.

तुम्ही उन्हात येऊन उभे राहता. पाठीला पहिल्यांदा ऊब लागते. मानेपासून ती हळूहळू खाली उतरते, पंच्याच्या ओल्या काठापाशी अडते, आणि मग तो काठही कोमट होतो. डोळे आपोआप मिटतात. गेले किती दिवस आपण खांदे वर ओढून बसलो होतो, हे ते खाली आल्यावर कळतं.

"पावनं, सरका जरा. तुमची सावली माज्या वाकळंवर पडलीया."

म्हातारी आहे. तुम्ही सरकता. ती वाकळेचा कोपरा ओढून उन्हात आणते आणि तिथेच उकिडवी बसते. बाकीच्यांनी सूर्याला हात जोडलेत, हिनं जोडलेले नाहीत. तुमची नजर तिच्या लक्षात येते.

"ह्येला न्हाई नमस्कार करायची मी औंदा," ती म्हणते. "दोन वर्सं ह्येच्याच तोंडाकडं बगत बसलोय, कवा झाकतंय म्हून."

ऐकून तुम्ही पुन्हा एकदा आजूबाजूला बघता, आणि मघाशी न दिसलेलं दिसायला लागतं. पोरांचे हातपाय बारीक आहेत. जनावरं मोजकीच आहेत. १८७६ साली पावसानं दगा दिला, १८७७ साली पुन्हा ओढ दिली. सोलापूर, कलादगी, साताऱ्याचा पूर्व भाग, तिकडून निजामाचा मुलूख ते थेट मद्रास, सगळा दख्खन करपला. त्या दोन सालांची पंचांगातली नावं धाता आणि ईश्वर. तामिळ मुलखात त्या दुष्काळाला पुढे धाता संवत्सराचंच नाव चिकटलं. यंदाचं, शके १८०० चं, संवत्सर आहे बहुधान्य. पोथ्या राखणाऱ्या नातवाचे आजोबा हे सांगताना हसत नाहीत. "धाता नावाच्या सालात लोक उपाशी मेले. आता हा बहुधान्य काय करतो ते बघायचं," एवढंच म्हणतात. यंदा पाऊस भरभरून आहे. त्यामुळे आजच्या उन्हाकडे घाटावरचं प्रत्येक माणूस दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघतंय. एका डोळ्याला ते हवंय, दुसऱ्याला त्याची धास्ती आहे. सणासुदीच्या लेखांत श्रावणातलं ऊन फार गोड असतं. ते लिहिणाऱ्यांची कोठारं भरलेली असतात, असं मला नेहमी वाटत आलंय.

आज चुली थंड आहेत. सप्तमी म्हणजे शिळा सप्तमी, कालचं आज खायचं आणि पाण्याची पूजा करायची. त्यात श्रावणातला पहिला सोमवार, म्हणून थोरांना उपासच. पोरांना दहीभात मिळतो, तो ती उन्हात बसून खातात. सोमवारी खरं तर पलीकडे अमरेश्वराला जायचं. पण नाव बंद आहे. म्हणून बायका काठावरूनच हात जोडताहेत आणि बेल पाण्यात सोडताहेत. बेल काठाला रेंगाळत नाही. सुटल्या सुटल्या खेचला जातो, आणि पाच मोजेपर्यंत दिसेनासा होतो.

तेव्हा तुम्ही नदीकडे नीट बघता. धुक्यात नुसता रंग होता, उन्हात ती केवढी आहे ते कळतं. समोरच्या काठाची झुडपं शेंड्यापर्यंत बुडाली आहेत. मधल्या धारेला पाणी काठापेक्षा उंच वाटतं. दोन नद्यांचे दोन रंग संगमापासून बरंच खाली शेजारी शेजारी चालतात, मग एक होतात. घाटाच्या किती पायऱ्या खाली गेल्या आहेत ते सांगता येणार नाही. देवळाचं अंगण आणि पाणी यांच्यात मोजक्या पायऱ्या उरल्यात.

शेवटच्या कोरड्या पायरीवर एक आंबी, म्हणजे नावाडी, बसलाय. नाव वर ओढून पालथी घातली आहे. शेजारी गुळाची भलीमोठी काहीलही कुणाच्या तरी गुऱ्हाळातून आणून ठेवलीय. वेळ आलीच तर तिचीही नाव होते, चारपाच माणसं तिच्यात सहज बसतात. त्यानं दगडांच्या फटीत एक काडी खोचली आहे. पाणी काडीला टेकलं की तो ती उपटतो आणि वरच्या फटीत खोचतो. तुम्ही आल्यापासून त्यानं ती एकदा हलवली आहे.

"आता ऊन पडलं म्हणजे पाणी उतरेल," तुम्ही त्याच्याशेजारी टेकत म्हणता. बाहेरगावचा माणूस म्हणतो तेच.

तो तुमच्याकडे बघतो. हसू दाबतो.

"आलाय कुठनं, पावनं? ऊन वाडीचं हाय. पाणी वरचं हाय."

एवढ्या सहा शब्दांत त्यानं सांगितलं ते समजावायला पुढे दीडशे वर्षं कचेऱ्या लागणार आहेत. महाबळेश्वरला पडलेलं पाणी वाई, कऱ्हाड करत येतं. कऱ्हाडला कोयना मिळते, सांगलीखाली हरिपूरला वारणा. पंचगंगा घाटमाथ्यावरच्या ओढ्यानाल्यांचं पाणी गोळा करून कोल्हापूरवरून येते. ही दोन्ही पाणी इथे, या पायऱ्यांशी, एकमेकांना भेटतात. वर परवा कोसळलेला पाऊस आज इथे पोचतो, आणि तो पोचतो तेव्हा इथे लख्ख ऊन असू शकतं. शिवाय कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढे जायला वाट राहत नाही. ती मागे रेलते, कुरुंदवाडकडे, तिच्या काठच्या शेतांत.

तुम्हांला त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत आहे. १९०७ नंतर शाहू महाराज भोगावतीवर राधानगरीला धरण बांधायला काढतील, आणि ते पुरं झाल्यावर त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरात बातमी फिरेल. कोयनेला १०५ टीएमसींचं धरण होईल. खाली कर्नाटकात अलमट्टीच्या भिंतीमागे पाणी किती मीटरवर थांबवायचं यावर दोन राज्यं भांडतील. २००५, २०१९ आणि २०२१ साली वाडीचे रस्तेच पाण्याखाली जातील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढेल, आणि आभाळ निवळल्यावरही शिरोळ तालुक्यातली गावं कित्येक दिवस पाण्यात उभी राहतील. लोक फोनवर विसर्गाचे आकडे बघत बसतील. हे सगळं ठाऊक असून आत्ता, या पायरीवर, तुम्हांला एवढंही सांगता येत नाही की संध्याकाळपर्यंत पाणी कुठे येईल. आंब्याला येतं. तो पाण्यावरचा फेस बघतो. फेस कुठे गोळा होतो, कुठे पांगतो, त्यावरून चढतंय की उतरतंय, असा त्याचा हिशेब. वाहत येणाऱ्या काटक्या हाताला लागल्या तर मोडून वास घेतो.

"दिस बुडायच्या आत दक्षिणद्वार हुतंय बगा," तो म्हणतो आणि काडी उपटतो.

दुपार मात्र उन्हाची आहे, आणि ती कुणीच वाया घालवत नाही. शिरोळच्या वाटेवरचे शेतकरी घाटावर थांबतच नाहीत. वाफसा यायला एका दिवसाचं ऊन पुरत नाही, पण उंचावरच्या रानात भांगलण तरी होईल, तंबाखूचा तरवा तरी बघून येता येईल, म्हणून बायाबापड्या खुरपी घेऊन निघाल्यात. गावात राहिलेले अंगाला तेल लावून बसलेत. एक पुजारी पाठ उघडी टाकून पालथा झोपलाय, त्याच्या पाठीवरून एक चतुर उडतो, बसतो, उडतो. वाकळा एकदा उलटून झाल्या. कुणीतरी तुम्हांला वाळलेला पंचा देतं. खरा सुका, कडक, दगडाचा आणि उन्हाचा वास असलेला. नेसताना त्याचा करकर आवाज होतो. तुमच्या घरी कपडे वाळवायचं यंत्र असेल, तरी हे सुख तुम्हांला नवीन आहे. यंत्रानं वाळवलेल्या कपड्याची कुणी आठवडाभर वाट पाहिलेली नसते.

दक्षिणेला, पंचगंगेपलीकडे, कुरुंदवाड स्पष्ट दिसतं. पटवर्धनांचं संस्थान. तिथे कीर्तनकार दिगंबरपंत पलुस्करांच्या घरी एक मुलगा आहे, विष्णू. येत्या १८ तारखेला सहा वर्षांचा होईल. पुढे दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटून त्याची दृष्टी अधू होते, शाळा सुटते, आणि म्हणून तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला जातो. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहतं ते त्यातून. समोरचं हे शिखर नसलेलं देऊळ मात्र, परंपरा सांगते, विजापूरच्या आदिलशहानं बांधलं, ते मुलीची गेलेली दृष्टी परत आली म्हणून. औरवाड आणि गौरवाड ही गावं त्यानं इनाम दिली. दत्ताच्या दारात एकीला डोळे मिळाले आणि एकाचे गेले. कुठल्याच कीर्तनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या मी ऐकल्या नाहीत, आणि त्याचं मला नवल वाटतं.

ऊन कलायला लागतं तसा घाटावरचा आवाज बदलतो. पाणी अंगणात आलंय. कसलाही लोंढा नाही, गर्जना नाही. फरशीवरून एक पातळ पदर पुढे सरकतो, सांध्यांत शिरतो, थांबल्यासारखा वाटतो आणि पुढच्या फरशीवर दिसतो. पुजाऱ्यांची लगबग आहे पण घबराट नाही. तुमच्या काळात अशा वेळी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि तिथे पूजाअर्चा चालू राहते. दत्ताच्या पादुकांना कुणी हलवत नाही. त्या पाण्याची वाट बघत जागच्या जागी असतात.

उत्तरेच्या दारातून कृष्णा आत जाते. आत पादुकांवरून वाहते. मग दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या दारात, पादुकांना लागून आलेल्या पाण्यात नाहायचं, हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना होतो आणि उतरतानाही. सगळं गाव लोटलंय. एरवी हे स्नान भुरभुरत्या पावसात, दात वाजवत होतं. आज पश्चिमेचं ऊन घाटावरून तिरपं उतरून त्या पाण्यावर पडलंय, आणि गढूळ पाणी तांब्याच्या रंगाचं झालंय. तुम्ही रांगेत उतरता. एक हात भिंतीला, एक हात पुढच्याच्या खांद्याला. पाणी कमरेशी बर्फासारखं, डोक्यावर ऊन. बुडी मारता तेव्हा कानात नदीचा घुमारा भरतो. वर येता तेव्हा दत्तनामाचा गजर.

तुमच्या ओठांवर करुणात्रिपदी येते आणि तुम्ही थबकता. ती इथे कुणालाच ठाऊक नाही. ती रचणारे वासुदेवशास्त्री टेंब्ये आज कोकणात माणगावला आहेत, वय वर्षं तेवीस, अजून गृहस्थ. त्यांचं संन्यासी होणं, वाडीच्या पूजेला शिस्त लावणं, इथेच ती पदं रचणं, सगळं पुढे आहे. म्हणून तुम्ही इतरांबरोबर गजरच म्हणता.

बाहेर येता तो सकाळचा सुका पंचा पुन्हा चिंब. त्याची हळहळ वाटत नाही, निदान एकट्यानं वाटून घ्यायची नाही, कारण सगळं गावच पुन्हा ओलं झालंय. आभाळ अजून निळं आहे, एक ढग नाही. सप्तमीचा चंद्र डोक्याशी फिका दिसतो. आणि पाणी वाकळांच्या पायरीला टेकलंय.

आता धावपळ. शेणी टोपल्यांत, मिरच्या सुपात, पोथ्या बासनात. आंब्यानं काडी टाकून दिलीय आणि तो पालथी नाव चौघांच्या खांद्यावर देऊन वर चढवतोय. आजोबा आणि तो चालता चालता वाद घालताहेत, आजोबांच्या मते मध्यरात्री उतार पडेल, आंब्याच्या मते उद्या सकाळी पाणी नारायणस्वामींच्या पायऱ्यांना लागेल. कुणाला विचारावं म्हणून तुम्ही दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहता.

"पावनं, रिकामं हुबं ऱ्हाऊन काय बगतासा?" म्हातारी खालून ओरडते. वाकळेचं एक टोक तिच्या हातात आहे. "ते टोक धरा. पिळायचं न्हाई, वाळलीया ती. पान्याला लागू देऊ नगा, आन् माज्या पुढं चडा."